एका यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी करायची, जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातल्या उणिवा आणि वाढीतले अडथळे अशा चार गटांतले तीस दोष हुडकायचे आणि मुलाला पुढच्या उपचारांना धाडायचे, असे त्याचे स्वरूप. या तिसांच्या यादीत शेवटी शेवटी, अध्ययन अक्षमतेच्या खाली, एडीएचडी आहे. लक्ष टिकवण्यातली कमतरता आणि तिच्या जोडीने येणारी अतिचंचलता व उतावीळपणा. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. आधीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांचे एकवीस झाले. स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, सिकलसेल आणि थॅलेसेमियाही आले. एडीएचडी आला नाही.

आरोग्य खात्याच्या लेखी हा दोष आहे आणि तो शोधलाच पाहिजे. प्रमाणपत्र, परीक्षेतल्या सवलती, विशेष शिक्षक हे सगळे ज्या कायद्याच्या आधाराने मिळते, त्याच्या लेखी तो स्वतंत्रपणे नाहीच. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला असलेले मूल या दोन याद्यांच्या मध्ये सापडते. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाने ओळखले तर ओळखले. त्यानंतर काय, याचे उत्तर कुठल्याच कागदावर नाही. या विषयावर जगभर बरेच काम झाले आहे. ते आपल्या बसकरपट्टीवरच्या वर्गाला कितपत लागू पडते, हे तपासताना मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. या मुलासाठी जे करता येण्यासारखे आहे त्यातले बरेचसे वर्गातच करता येते आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही. मात्र ते करायला लागणारी उसंत आणि सोबत वर्गशिक्षकाला मिळत नाही.

असे मूल मराठवाड्यात कोणाला ओळखीचे नाही असे नाही. ‘लई वांड पोरगं’, ‘अंगात भिंगरी’, ‘एका जागी बूड टेकत नाही’ हे शेरे घरोघरी ऐकू येतात. शाळेत घालताना बापच सांगतो, ‘सर, हाडं आमची, मांस तुमचं.’ मात्र वांडपणा वेगळा आणि एडीएचडी वेगळा. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत एकूण अठरा लक्षणे आहेत. नऊ अवधानाची, नऊ चंचलता-उतावीळपणाची. कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात, त्यांतली काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, ती निदान दोन ठिकाणी, समजा घरी आणि शाळेत, दिसावी लागतात आणि त्यांमुळे मुलाचे खरेच काही अडावे लागते. फक्त एका बाईंच्या तासाला गोंधळ घालणाऱ्या मुलाचे निदान त्याच्याइतकेच त्या तासाचेही करायला हवे.

दोन ठिकाणांची ही अट शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. डॉक्टरांच्या खोलीत, नव्या माणसासमोर, पाच-दहा मिनिटे असे मूल बऱ्याचदा शहाण्यासारखे बसते. नांदेडच्या सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत तर डॉक्टरांना तेवढीच मिनिटे मिळतात. शिक्षकाने काय पाहिले, हे लिहून आल्याशिवाय हे निदान नीट होऊच शकत नाही.

आणखी एक गैरसमज शिक्षकांत सर्रास आढळतो. हेच पोरगे लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या बाजारात तासन् तास उभे राहते, मोबाईलवर गेम खेळताना हाक ऐकत नाही, मग पाढ्यांच्या वेळीच त्याचे लक्ष कसे उडते? तेव्हा हे नाटक आहे, असा निष्कर्ष निघतो. या मुलांत लक्षाचा साठा रिता नसतो. लक्ष आपल्या मर्जीने, कंटाळवाण्या कामावर, बक्षीस लांब असताना वळवणे त्यांना जमत नाही. घोडा समोर नाचत असतो, गेममध्ये दर सेकंदाला काही ना काही मिळत असते. शुद्धलेखनाच्या वहीत दहा ओळी लिहून झाल्यावरही काही मिळत नाही.

लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली. त्यानेही याला नैतिक संयमाचा दोष मानले होते. आपले शिक्षक आज तेच मानत असतील तर त्यांना हसण्याचे कारण नाही. नावे बदलत गेली, १९८० मध्ये अवधान केंद्रस्थानी आले, १९८७ मध्ये आजचे नाव पक्के झाले. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात निघतो. म्हणजे ‘आईनं लाडावून ठेवलंय’ हे स्पष्टीकरण बाद होते. बापाने शाळेत हेच केले होते का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की या मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी सर्वाधिक होण्याचा टप्पा सरासरी साडेसातऐवजी साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास येतो. मार्ग तोच, पोचायला सुमारे तीन वर्षे उशीर. दहा वर्षांच्या मुलाकडून संयमाच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवा, असे शिक्षकाला सांगितले तर ते या संशोधनाचे अगदी ढोबळ पण कामाचे रूप होईल.

प्रमाणाविषयी वाद आहेत. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर शाळकरी मुलांत पाच टक्क्यांच्या आसपास आकडा येतो. भारतातले आकडे पद्धतीनुसार खूपच खालीवर होतात, कोइम्बतूरच्या प्राथमिक शाळांतल्या एका पाहणीत तो अकरा टक्क्यांच्या वर गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्क्लेनच्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणांमध्ये उत्तर गोवा होते. तिथे मुलांच्या मेंदूविकासाशी संबंधित अडचणी मोजताना सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत एडीएचडीही मोजला गेला.  पाच टक्के धरले तरी चाळीसच्या वर्गात दोन मुले होतात. वर्गशिक्षकाला मोजणी न करताही ती दोन नावे सांगता येतात, फक्त त्यातले एक बहुधा चुकीचे असते.

ते का चुकते, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लोहा-कंधारचा डोंगराळ मुलूख आणि मुंबई-पुण्याचे दवाखाने यांचे प्रश्न वेगळे होतात. लक्ष न देणारे प्रत्येक मूल एडीएचडीचे नसते. कान फुटलेले, महिनोन्‌महिने वाहणारे मूल सूचना अर्धवटच ऐकते. मागे बसलेल्याला फळा धूसर दिसत असेल आणि त्याला ते माहीतही नसेल. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६८.९ टक्के निघाले. तीच मुले सहाव्या वर्षी शाळेत येतात, आणि लोहाची कमतरता लक्षावर परिणाम करते. काही सेकंद टक लावून शून्यात पाहणाऱ्या मुलाला एक प्रकारची फिट येत असू शकते. शिक्षकाला ते स्वप्नाळूपण वाटते, औषधाने ते बरे होते. तांड्यावरून आलेल्या मुलाच्या घरची भाषा गोरमाटी आहे. पहिली-दुसरीत पुस्तकी मराठी त्याच्या कानावरून जाते, मग ते खिडकीबाहेर पाहणारच. रात्री घरात भांडणे, दारू, अपुरी झोप. सकाळी काही न खाता आलेले मूल खिचडीच्या वासाकडे लक्ष लावून बसते, त्यालाही अवधानाचा विकार म्हणायचे का?

शिवाय ऊसतोड आहे. दिवाळीच्या आसपास कुटुंब कारखान्यांच्या पट्ट्यात जाते आणि उन्हाळा तोंडावर आला की परतते. मूल सोबत गेले तर वर्षाचा निम्मा अभ्यास बुडतो. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे काही मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात आणि शाळा त्यांच्या जेवणाची सोय करते. पण आई-बाप चार-पाच महिने दिसत नाहीत. अशा मुलाची अस्वस्थता फेब्रुवारीत पाहून निदान करू नये. सहा महिन्यांची अट पुस्तकात आहे, ती इथे हंगाम ओलांडून मोजली पाहिजे.

वयाचाही एक घोळ आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, १ सप्टेंबरची सीमा पाळणाऱ्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांत, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचे निदान चौतीस टक्क्यांनी जास्त आढळले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातही तसेच दिसले. वयाने लहान असणे हाच तिथे आजार ठरत होता. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. जूनमध्ये एकाच पट्टीवर साडेपाचचे आणि साडेसहाचे मूल शेजारी बसते. या वयात बारा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. शिवाय गावाकडे अजूनही जन्मदाखल्याविना आलेल्या मुलाची तारीख शाळेत अंदाजाने पडते. मागच्या पिढीतले किती तरी लोक १ जूनलाच जन्मले आहेत, हे कोणत्याही कार्यालयातल्या सेवापुस्तकांवरून दिसेल. वर्गातल्या ‘चंचल’ मुलांची यादी करायची असेल तर प्रत्येक नावापुढे आधी खरे वय लिहावे.

उलट बाजूने मुली निसटतात. त्यांच्यात हालचाल कमी आणि हरवलेपण जास्त असते. पाटी-वही विसरणारी, अर्धे वाक्य लिहून थांबणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही. तिच्याविषयी तक्रार येत नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही. सातवी-आठवीत ती मागे पडली की शेतातली कामे आणि धाकटी भावंडे असतातच. मुलग्याची अतिचंचलता शाळेला दिसते, मुलीची गळती मात्र गरिबीच्या खात्यावर जमा होते.

तर वर्गात काय करायचे? संशोधनाचा सर्वांत भरीव भाग हाच आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या चांगल्या शिक्षकांना नकळत माहीत असतो. वळवळ्या मुलाकडे घंटा वाजवायचे काम देणारा, त्याला खडू आणायला, हजेरीपट पोचवायला, खिचडीची ताटे मोजायला पाठवणारा शिक्षक कोणत्याही पुस्तकाविना हालचालीची सुट्टी देत असतो. फ्लोरिडातले मार्क रॅपोर्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की ही मुले जास्त हलतात तेव्हा डोक्यात आकडे धरून ठेवून करायचे काम बरे करतात.  म्हणून ‘आधी सरळ बस, मग गणित’ हा क्रम या मुलासाठी उलटा आहे. बसकरपट्टीवर हे बाकापेक्षा सोपे जाते. गुडघ्यावर बसले, पोटावर झोपून लिहिले, उभे राहून पाढे म्हटले तरी कुणाचे काही पडत नाही.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जी पद्धत रुजवली, ती एडीएचडीसाठी आखलेली नव्हती. जमिनीवर रंगवलेले तक्ते, हाताळायचे साहित्य, गटात बसून एकमेकांना विचारत शिकणे हे सगळ्यांसाठीच होते. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयानंतर राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले, आणि बऱ्याच शाळांनी फरशी रंगवून पद्धत राबवल्याचे समाधान मानले. पण ज्या वर्गात मूल उठून साहित्यापर्यंत जाऊ शकते, छोटे काम पुरे करून लगेच दाखवू शकते, त्या वर्गात या मुलाची निम्मी अडचण दिसतच नाही. ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे शिक्षकांच्या हाती पोचले. मेजाच्या झाकणाची सारखी उघडझाप करणाऱ्या आणि खिडकीतून बँडवाल्यांना बोलावणाऱ्या त्या मुलीला पहिल्या शाळेने काढून टाकले आणि कोबायाशींच्या शाळेने ठेवून घेतले. आपल्याकडे ते पुस्तक डोळे पुसून वाचले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या तोत्तोचानला बाहेर उभे केले जाते.

पुढच्या गोष्टी साध्या आहेत, तरी त्या नेमाने करणे अवघड आहे. मुलाला पुढे, फळ्याजवळ, दारापासून दूर, शांत जोडीदाराशेजारी बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी. दहा गणिते एकदम न देता तीन द्यावीत, बघावीत, मग पुढची तीन. फळ्यावरचे उतरवून घेणे हे त्याला सर्वांत जड काम आहे, कारण नजर वर, खाली, पुन्हा वर जाताना धागा तुटतो. त्याच्यासमोर पुस्तकच ठेवावे. उलट तालात, सगळ्यांबरोबर म्हणायचे पाढे त्याला छान जमतात, आणि ती आपली जुनीच रीत आहे. शाबासकी लगेच आणि कशासाठी ते सांगून द्यावी. ‘छान’पेक्षा ‘आज हात वर करून बोललास’ जास्त लागू पडते. किरकोळ चुळबुळीकडे काणाडोळा करावा. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास कापण्याची शिक्षा कधीच करू नये. त्याच्या शरीराला ज्याची गरज आहे तेच त्यात काढून घेतले जाते. अंगठे धरून उभे करणे, कोंबडा, छडी यांना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. या मुलांबाबत तर त्या उपायांचा पुरता पराभव झाला आहे, कारण शिक्षेची भीती आठवेपर्यंत त्यांचा हात चाललेला असतो.

घरी रोज पाठवायची नोंद, जिला परदेशात दैनिक प्रगतिपत्रक म्हणतात, हिच्या बाजूने पुरावा चांगलाच आहे. तीन-चार ठरावीक गोष्टी, त्यांच्यापुढे दर तासाला खूण, संध्याकाळी घरी ठरलेले छोटे बक्षीस. लोह्याच्या खेड्यात ती कोण वाचणार, हा आक्षेप शिक्षक घेतात. लिहिलेले वाचावे लागेल अशी ती असूच नये. सूर्य, चांदणी, रिकामे वर्तुळ एवढ्या खुणा आजीला समजतात, आणि बक्षीस म्हणून संध्याकाळी शेळ्या सोडायला सोबत नेणे पुरते. कारखान्यावर असलेल्या बापाला आठवड्यातून एकदा मोबाईलवर आवाजी निरोप गेला आणि तो तक्रारीचा नसला, तर त्याचे मोल फार.

सगळ्या वर्गाला मिळून खेळायचा एक खेळ मला आपल्याकडे सर्वांत जास्त रुजण्याजोगा वाटतो. कॅन्ससमधल्या चौथीच्या एका वर्गात तो प्रथम खेळला गेला आणि १९६९ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन संघ करायचे, नियम मोडला की त्या संघावर फळ्यावर एक रेघ, कमी रेघांचा संघ जिंकतो, आणि दोन्ही संघांच्या रेघा ठरावीक आकड्याखाली राहिल्या तर दोन्ही जिंकतात. बाल्टिमोरमध्ये १९८५ पासून पहिलीच्या वर्गांत तो खेळवून त्या मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेतला गेला, तेव्हा विशेषतः दांडगट मुलग्यांत फरक टिकलेला दिसला. यात कोणावर शिक्का बसत नाही, पैसा लागत नाही, एका शिक्षकाकडे दोन वर्ग असले तरी चालते. धोका एकच. संघ हरल्याचे खापर रोज एकाच पोरावर फुटू लागले, तर त्याचा स्वतंत्र, एकट्याचा संघ करून त्याची सुटका करावी लागते.

काय चालत नाही, तेही सांगायला हवे. साखर किंवा गूळ बंद केल्याने चंचलता जात नाही. १९९५ मध्ये वोल्राइच यांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यात साखरेचा वर्तनावर परिणाम दिसला नाही. स्मरणशक्ती वाढवण्याचे संगणकी खेळ त्या खेळापुरते गुण वाढवतात, वाचन-गणितात ते उतरत नाही. अंगारे-धुपारे आणि स्मरणशक्तीच्या बाटल्या यांविषयी न बोललेले बरे.

औषधांचा प्रश्न शिक्षकाच्या कक्षेत येत नाही, पण तो टाळूनही चालत नाही. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीला १९३७ मध्ये अपघातानेच कळले की एक उत्तेजक औषध दिल्यावर त्याच्याकडची मुले शाळेच्या कामात शांतपणे लागतात. आज मेथिलफेनिडेट हे सर्वाधिक अभ्यासलेले औषध आहे आणि अल्पकाळात त्याचा परिणाम ठळक असतो. ५७९ मुलांवरच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचे औषध निव्वळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटांमधला फरक मावळलेला होता. औषधाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही यातला आपल्याला हवा तो अर्धा भाग सांगतात. माझ्या मते यातून एवढेच निघते की सहा वर्षांपुढच्या, खरोखर अडलेल्या मुलाला औषधाने वर्गात शिकण्याची संधी मिळते. त्या संधीत शाळा काय देते, ते औषधाच्या हातात नसते. आपल्याकडे हे औषध अनुसूची एक्समध्ये मोडते. विकायला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. तालुक्याच्या गावी ते मिळेल अशी आशा नको. लोह्याच्या पालकाला दर महिन्याला नांदेडची खेप घालावी लागणार आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. उत्तेजक नसलेले अ‍ॅटोमॉक्सेटिन तुलनेने सहज मिळते. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि तोवर ‘औषध लागू पडेना’ म्हणून ते बंद झालेले असते.

आता पुन्हा याद्यांकडे. आरोग्य पथकाला संशय आला तर मूल जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जायला हवे, तिथून गरजेप्रमाणे विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागाकडे. रचना वाईट नाही. पण एका दिवसात अख्खी शाळा तपासणाऱ्या पथकाला दात, डोळे आणि वजन यांपुढे जायला वेळ राहत नाही, आणि एडीएचडी वजनकाट्यावर दिसत नाही. शिक्षकाने आधीच दोन नावे आणि त्यांच्यापुढे चार ओळी लिहून ठेवल्या असतील तर गोष्ट बदलते. त्या चार ओळींची जागाही आपल्याकडे आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण हे पहिलेच साधन आहे, आणि वर्णनात्मक नोंदी अपेक्षित आहेत. त्या नोंदींच्या तयार याद्या आता मोबाईलवरून फिरतात आणि साऱ्या राज्यातली मुले एकाच भाषेत ‘गटकार्यात सहभागी होतात’. खरी नोंद ठेवली, म्हणजे किती मिनिटे बसला, कोणत्या कामात उठला, कोणत्या वेळी जास्त, तर मनोविकारतज्ज्ञाला याहून मोलाचा कागद मिळणार नाही. त्याच निर्णयातली तोंडी काम, कृती, प्रात्यक्षिक ही साधने म्हणजे या मुलासाठी राजमार्ग आहेत. त्यासाठी सवलतीचा अर्ज करावा लागत नाही.

पण मोठ्या परीक्षेच्या दारात हा मार्ग संपतो. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, आणि पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते. दहावीला ताशी वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती प्रमाणपत्रावर मिळतात, आणि प्रमाणपत्र एकवीस प्रकारांसाठी. इथे एक आडवाट तयार झाली आहे. एडीएचडीच्या अनेक मुलांना, ढोबळमानाने तिघांतल्या एकाला, विशिष्ट अध्ययन अक्षमताही असते. ‘तारे जमीं पर’ २००७ मध्ये आल्यापासून ती पालकांना माहीत झाली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तिच्या तपासणीची घडी त्याही आधी बसली होती. अशा मुलाला अध्ययन अक्षमतेच्या नावावर सवलत मिळते आणि एडीएचडीचा निभाव त्यातच लागतो. ज्याला वाचता येते, समजते, पण तीन तास एका जागी बसून लिहिता येत नाही, त्याला काहीच नाही. एडीएचडीला सरसकट दिव्यांग ठरवावे असे मला वाटत नाही. पाच टक्के मुलांना प्रमाणपत्रांच्या रांगेत उभे करणे आणि शहरातल्या पैसेवाल्यांनी ती रांग आधी गाठणे, हे घडायला वेळ लागणार नाही. पण परीक्षेच्या खोलीत मधे पाच मिनिटे उठून चालण्याची मुभा किंवा वेगळी शांत खोली एवढ्या गोष्टी मुख्याध्यापक आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या पत्रावर द्यायला काय हरकत आहे?

याच पट्ट्यात लातूर पॅटर्न जन्मला, हेही विसरता येत नाही. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या गुणवत्ता यादीतल्या नावांनी मराठवाड्याला अभिमान दिला, त्याचा पाया सराव परीक्षा आणि दीर्घ बैठक हा होता. आता नांदेड-लातूरच्या वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांत तीच बैठक आणखी लांबली आहे. बसू शकणे म्हणजे हुशारी, असे समीकरण खेड्यातल्या पालकांच्या मनात खोल गेले आहे. चंचलता वयाबरोबर कमी होते, अवधानाची अडचण बहुतेकांत मागे राहते. सोळाव्या वर्षी ते मूल बाहेरून शांत दिसते आणि आठ तासांच्या बैठकीत त्याच्या डोक्यात काहीच उतरत नाही. तेव्हा निदान झाले तर उशीर झालेला असतो, आणि न झाले तर ‘कष्ट करत नाही’ हा शेरा आयुष्यभर चिकटतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी निर्णय दिला. त्यानंतर प्राथमिकला दहा आणि पुढच्या वर्गांना पंधरा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदे मंजूर केली. म्हणजे दर शिक्षण केंद्राला एक. दहा-बारा शाळांच्या केंद्रात या शिक्षकाच्या हाती जी यादी असेल ती एकवीस प्रकारांचीच असेल. पण तो शाळेत आला की वर्गशिक्षकाने त्याला यादीबाहेरच्या त्या दोन मुलांजवळ अर्धा तास बसवून घ्यायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत महिन्याला एक तास यासाठी राखला, आणि त्या तासात प्रशिक्षणाची चित्रफीत न लावता प्रत्येक शाळेने एका मुलाची खरी नोंद मांडली, तरी लोह्यासारख्या तालुक्यात एका वर्षात या मुलांविषयी आज आहे त्याहून बरीच जास्त माहिती जमा होईल. मग ती घेऊन नांदेडला कोणाकडे जायचे, ते तरी ठरवता येईल.